टिंटॅजेलचं ‘जुनं पोस्ट’ पोस्टासाठी बांधलेलंच नाही

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये टिंटॅजेल गावात पाटीच्या दगडाचं, लाटेसारखं वळलेलं छप्पर असलेलं एक घर आहे. नाव ‘ओल्ड पोस्ट ऑफिस’. मग फोटोखाली हमखास येतं, ‘सहाशे वर्षांपूर्वीचं टपाल कार्यालय’! सहाशे वर्षं खरी, टपाल नाही.

हे १४व्या शतकातलं राहतं घर. छोटेखानी वाडाच म्हणा ना: मधोमध थेट छपरापर्यंत उघडा दिवाणखाना, बाजूला खोल्या. त्या काळी साध्या माणसासाठी टपालाची सोयच नव्हती. एका पेनीचं तिकीट आलं तेच मुळी १८४० मध्ये. त्यानंतर पत्रांची ये-जा वाढली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात या घरात काही काळ परिसरातली पत्रं घेतली जाऊ लागली. बस्स, एवढ्यावर नाव चिकटलं.

गंमत म्हणजे टपालाने खरा ठसा उमटवला तो गावाच्या नावावर. गाव मूळचं ट्रेवेना; टपाल खात्याने ‘टिंटॅजेल’ लिहायला सुरुवात केली आणि तेच रुळलं.

घर पुढे मोडकळीला आलं. काही चित्रकारांच्या धडपडीमुळे ते वाचलं आणि १९०३ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं.