छपराखालचा उन्हाळा

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी आपण बोलतो ते बहुधा विक्रमांच्या भाषेत. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ती नोंद आजही मे महिना आला की आठवली जाते. मे २०२४च्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर खळबळ उडाली, पण तो आकडा संवेदकातील बिघाडामुळे आल्याचे भारतीय हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. हवामान विभागाचा पारंपरिक तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या जागी आणि सावलीत ठेवलेला असतो. हवामानशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे, कारण त्यामुळे एका गावाची नोंद दुसऱ्या गावाशी ताडून पाहता येते. मात्र महापालिकेच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलीला गणित कोणत्या तापमानात सोडवावे लागते, हिंगण्याच्या एमआयडीसीतील कामगार कोणत्या तापमानात आठ तास उभा असतो आणि रात्री त्याला कोणत्या तापमानात झोपावे लागते, हे त्या पेटीवरून कळत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील उपयोजित संशोधनाने नेमके हेच मोजायला घेतले आहे, आणि त्यातून पुढे आलेल्या गोष्टी विदर्भाच्या फार जवळच्या आहेत.

सुरुवात छपरापासून करावी लागते, त्याचे कारण भूगोलात आहे. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे २६ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते. २५ मेला सुरू होणारा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, याच सुमारास पडतो. सूर्य असा माथ्यावर असताना भिंतींवर ऊन तिरपे घसरते, दक्षिणेच्या भिंतीवर तर ते पडतच नाही, आणि सारा मारा आडव्या पृष्ठभागावर, म्हणजे गच्चीवर किंवा टिनावर होतो. निरभ्र दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर ९०० वॅटच्या पुढे ऊर्जा येते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीच्या छपरावर भर दुपारी पडणारे ऊन हे एक किलोवॅटच्या आठ विजेच्या शेगड्या एकाच वेळी पेटवल्यासारखे असते. त्यातील किती उष्णता परत जाते आणि किती खाली उतरते, हे छपराच्या रंगावर, पदार्थावर आणि जाडीवर ठरते.

जुन्या घरांवरील कवेलू, म्हणजे मातीची कौले, आता शहरात फारसे उरलेले नाहीत. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाई आणि खालचा माळा उष्णता अडवून धरी. त्यांच्या जागी स्लॅब आले, किंवा पैसा नसेल तिथे टिन आले. या दोघांचे वागणे अगदी वेगळे आहे. टिन पातळ असल्यामुळे ऊन वाढले की काही मिनिटांत तापते, गंजलेले किंवा धुळीने काळवंडलेले असेल तर दुपारी साठ अंशांच्या वर जाते, आणि सूर्य मावळल्यावर लवकर निवते. नव्या, चकचकीत टिनाचा एक दोष सहसा लक्षात येत नाही. ते ऊन बऱ्यापैकी परतवते, पण शोषलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडण्यात ते फार दुबळे असते. याउलट काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवत राहतो आणि काही तासांच्या विलंबाने ती खोलीत सोडू लागतो, त्यामुळे बाहेरची हवा संध्याकाळी उतरू लागली तरी वरच्या मजल्यावरची खोली रात्री उशिरापर्यंत धगधगत राहते.

इथे साधा तापमापक फसवतो. दोन खोल्यांतील हवेचे तापमान सारखेच ३७ अंश असेल, पण एका खोलीचे छत ३६ अंशांवर आणि दुसरीचे ४८ अंशांवर असेल, तर त्या दोन खोल्यांत बसलेल्या माणसांच्या शरीरावर पडणारा ताण सारखा नसतो, कारण तापलेले छत अवरक्त किरणांनी माणसाला थेट तापवत असते. हा परिणाम पकडण्यासाठी काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात बसवलेला तापमापक वापरतात. तो गोळा, ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक आणि सावलीतला साधा तापमापक, या तिघांच्या नोंदी एकत्र करून उष्णतेच्या ताणाचा एक निर्देशांक काढला जातो. अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण छावण्यांत उष्माघाताने जवान कोसळू लागले तेव्हा १९५०च्या दशकात तो तयार झाला. उन्हातील कामासाठी त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के, काळ्या गोळ्याला २० टक्के आणि हवेच्या तापमानाला अवघे १० टक्के वजन दिलेले आहे. वर्तमानपत्रात रोज छापून येणाऱ्या आकड्याला कामगाराच्या शरीराच्या हिशोबात किती अल्प स्थान आहे, ते यावरून ध्यानात यावे.

आता अभ्यासाकडे वळू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांची त्यांच्या गावच्या तापमानाशी सांगड घातली गेली. एकाच विद्यार्थ्याने दोन वेगवेगळ्या वर्षी दिलेल्या परीक्षांची तुलना केल्यामुळे घरची परिस्थिती किंवा शाळेचा दर्जा यांचा गोंधळ टळला. शालेय वर्ष सरासरी एक अंश फॅरनहाइटने, म्हणजे सेल्सिअसच्या अर्ध्या अंशाहून थोडे अधिक तापले की वातानुकूलन नसलेल्या शाळांत त्या वर्षीचे शिकणे सुमारे एक टक्क्याने घटते, असे त्यात आढळले. मला या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक बोलका वाटतो. शनिवार-रविवारच्या आणि सुट्टीच्या दिवसांतील उष्णतेचा असा परिणाम दिसला नाही, वर्ग भरलेल्या दिवसांतील उष्णतेचाच दिसला. म्हणजे नुकसान होते ते वर्गाच्या खोलीत, शिकवणे सुरू असताना.

त्याआधी जुलै २०१६ मध्ये बॉस्टनच्या उष्णतेच्या लाटेत ४४ निरोगी तरुण विद्यार्थ्यांची बारा दिवस सकाळी उठल्याबरोबर चाचणी घेण्यात आली होती. वातानुकूलन नसलेल्या वसतिगृहातील मुलांचा प्रतिसाद लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत सुमारे १३ टक्क्यांनी मंदावला होता. तिथले खोलीतील सरासरी तापमान होते २६.३ अंश, जे नागपूरकराला सुखद वाटेल. म्हणूनच परदेशातील आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशातील पाच शहरांतल्या सोळा कार्यालयीन इमारतींमधून सहा हजारांहून अधिक प्रतिसाद गोळा करून २०१४ साली दाखवले की भारतीय माणूस ऋतूबरोबर बदलतो. बाहेरचे गेल्या महिनाभराचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत त्याला २९ अंशांच्या आसपास बरे वाटते. हे प्रतिमान २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत समाविष्ट झाले आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. वर्ग २४ अंशांवर आणण्यासाठी लागणारी यंत्रे आणि वीज बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेर आहेत, पण ३८ अंशांचा वर्ग ३३ अंशांवर आणणे हे साध्या उपायांनी होण्यासारखे काम आहे.

भारतातील शाळकरी मुलांच्या चाचण्यांवरील संशोधनाने आणखी एक वाट दाखवली. वर्षातील २९ अंशांवरचे दिवस वाढले की गणित आणि वाचन या दोन्हींतील गुण घटतात, पण त्यातील मोठा भाग शेतीतून येतो. पीक होरपळते, घरातले उत्पन्न घटते आणि त्याची झळ मुलांच्या शिकण्याला लागते. रोजगार हमी योजना जिथे पोहोचली तिथे हा परिणाम सौम्य झाल्याचेही त्याच संशोधकांना दिसले. कापूस आणि सोयाबीनवर उभ्या असलेल्या विदर्भातल्या गावांसाठी हा निष्कर्ष केवळ अभ्यासकांपुरता राहू नये. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात आणि मार्चपासून अनेक शाळा सकाळच्या सत्रात भरतात. ही जुनी शहाणीव आहे, पण ती फक्त वर्गातील उन्हाची काळजी घेते.

कामाच्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट आहे. भारतीय कारखान्यांच्या राष्ट्रीय आकडेवारीवर आधारित, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वार्षिक तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की कारखान्याचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते. कामाची जागा थंड ठेवली तर प्रत्यक्ष कामाचा वेग टिकतो, पण उष्ण दिवसांनंतर वाढणारी गैरहजेरी कमी होत नाही. कारखाना थंड असला तरी कामगार ज्या घरातून येतो ते घर तापलेलेच असते, हा त्याचा एक अर्थ मला सरळ दिसतो. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत जुन्या नळ्यांच्या जागी एलईडी दिवे लावले गेले ते विजेची बचत व्हावी म्हणून. एलईडी कमी तापत असल्यामुळे शिवणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावरची उष्णता घटली आणि कडक दिवसांतही कामाचा वेग टिकून राहिला. दिव्यांचा खर्च त्यामुळे मूळ अंदाजापेक्षा कितीतरी लवकर वसूल झाला.

झोपेविषयी चेन्नईत झालेला प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे. माहिती नोंदणीचे काम करणाऱ्या ४५२ जणांना रात्रीची झोप वाढवण्यासाठी डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानात घालायचे बोळे, पंखे अशी साधने दिली गेली. झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली, पण कामात सुधारणा दिसली नाही. कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिल्यावर मात्र कामाची उत्पादकता आणि मनःस्वास्थ्य दोन्ही सुधारले. रात्रीची झोप तुटक, गोंगाटाची आणि उकाड्याची असते, तिची लांबी वाढवून तिचा दर्जा वाढत नाही, असा संशोधकांचा कयास होता. वैशाखात दुपारी बारा ते चार काम बंद ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या बांधकाम मजुराला आळशी म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर समजून घ्यावा.

नागपूरचा स्वतःचा उपाय म्हणजे कूलर, आणि त्यामागचे विज्ञान मनापासून कौतुक करण्यासारखे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता हवेतून शोषली जाते. मेच्या दुपारी हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडातील तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरतो. चांगली, सगळीकडून भिजलेली वाळ्याची किंवा लाकडी गवताची ताटी या २१ अंशांच्या अंतराचा साधारण ८० टक्के भाग कापते, म्हणजे कूलरमधून निघणारी हवा २७ अंशांच्या जवळ येते. हे सारे दोनशे वॅटच्या आसपास विजेत होते. मात्र आत ढकललेली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होत जाते आणि ताटीचा उपयोग संपतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना हेच गणित २९ अंशांपाशी अडते, म्हणून पावसाळ्यात कूलर निव्वळ पंख्यासारखा वागतो. कूलरचे साचलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी घासणे आवश्यक आहे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते. आणि पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसणे जिवावर बेतते.

कूलरला पाणी लागते आणि वीज लागते. चुन्याला दोन्ही लागत नाहीत. राखाडी काँक्रीट ऊन जेमतेम एक-तृतीयांश परतवते, ताजा पांढरा लेप ७० ते ८० टक्के परतवतो. हैदराबाद परिसरातील इमारतींवर २०११च्या अभ्यासात काळ्या छपरांना पांढरा लेप दिल्यावर थंडाव्यासाठी लागणारी वीज १४ ते २६ टक्क्यांनी घटली, आणि साध्या काँक्रीटच्या छपरांवरही १० ते १९ टक्के बचत झाली. तेलंगणाने २०२३ साली शीतछत धोरण स्वीकारले. अहमदाबादने मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्यावर २०१३ साली देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला, आणि नागपूरसह अनेक शहरांनी पुढे तो मार्ग धरला. या आराखड्यांत पाणपोया, बागा दुपारी उघड्या ठेवणे आणि रुग्णालयातील शीतकक्ष यांना योग्य स्थान मिळाले आहे. शाळेच्या आणि घराच्या छपराला तितकेच स्थान मिळायला हवे, असे मला ठामपणे वाटते. लेपाची एक मर्यादा आहे. धूळ आणि काजळी बसली की त्याची परावर्तनक्षमता काही महिन्यांत घटते, त्यामुळे चुन्यात चिकटपणासाठी डिंक घालणे, फाल्गुनात नव्याने हात देणे आणि मध्ये एकदा गच्ची धुणे एवढी निगा ठेवावी लागते.

आता आपल्याला इथले आकडे हवेत. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आणि व्हीएनआयटी हे राष्ट्रीय अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन्ही संस्था याच शहरात आहेत, आणि हे काम त्यांच्या मदतीने शाळांनाही करता येईल. एकाच शाळेच्या वरच्या मजल्यावरील सारख्या आकाराचे, सारख्या दिशेचे दोन वर्ग निवडावेत आणि एकाच्याच गच्चीला मार्चच्या आत चुना लावावा. काळा रंग दिलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूत बसवलेला छोटा तापमापक काळ्या गोळ्याचे काम स्वस्तात करतो, असे चेंडू मुलांच्या बाकाच्या उंचीवर टांगून सकाळी आठ, दहा आणि बारा वाजता मुलांनीच नोंद घ्यावी, आणि दर आठवड्याला दोन्ही वर्गांना बेरीज-वजाबाकीची सारखीच दहा मिनिटांची चाचणी द्यावी. एका वर्गाची मुले मुळातच हुशार असण्याची शक्यता उरू नये म्हणून दर पंधरवड्याला वर्गांची अदलाबदल करावी, म्हणजे प्रत्येक मूल चुन्याखालीही बसेल आणि उघड्या स्लॅबखालीही.