शिंप्याची टेप आणि पाडीचं वजन

"झबलं शिवतोयस का रे तिला?" गव्हाणीत पेंढा टाकता टाकता काकूने विचारलं. मे महिन्यातली सकाळ. दापोलीजवळच्या आमच्या वाडीत, काकूच्या गोठ्यात, मी शिंप्याची टेप घेऊन चंद्रीशी झटत होतो. चंद्री म्हणजे साडेचार महिन्यांची जर्सी संकरित पाडी. तिला अजून पाणी दाखवलेलं नव्हतं, ते मुद्दामच. पोटभर पाणी आणि चारा झाला की जनावराचं वजन बघता बघता काही किलोंनी वर जातं, आणि ती वाढ नसते.

काकूचं म्हणणं, पाडी चांगली आहे हे डोळ्यांना दिसतं की. पण रोज बघणाऱ्या डोळ्यांना वाढ दिसत नाही, आणि वाढ थांबलेलीही दिसत नाही. घोळ इथेच होतो. पाडी पहिल्यांदा माजावर येते ती वयापेक्षा वजनावर. मोठेपणी गाय जेवढी भरणार, त्याच्या साधारण ६० टक्के वजन झालं की ती रेतनाला, म्हणजे गाभण करायला, तयार धरतात. जर्सी संकरित पाडीला हा आकडा २५० किलोच्या आसपास येतो. चांगली पोसलेली पाडी तिथे दीड-पावणेदोन वर्षांत पोचते. रखडलेली अडीच वर्षांची झाली तरी पोचत नाही, आणि तोवर दुधाचा थेंब न देता पेंड मात्र खात राहते.

आता वाडीत गुरांचा वजनकाटा कुठून आणायचा? म्हणून टेप. पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या मागच्या बाजूने छातीचा घेर घ्यायचा. मग खांद्याच्या पुढे आलेल्या हाडापासून ढुंगणाच्या टोकाच्या हाडापर्यंत लांबी. सगळं सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आणि १०,८४० ने भागा. येतं ते किलोत वजन. पशुवैद्यक शिकणाऱ्यांना हे शेफरचं सूत्र म्हणून माहीत असतं. मुळात ते इंच-पौंडांत आहे आणि तिथे ३०० ने भागतात.

हे १०,८४० कुठून आलं, याची मला फार दिवस उत्सुकता होती. पाडीचं धड म्हणजे पाण्याने भरलेलं आडवं पिंप समजा. पिंपाचा घेर आणि लांबी माहीत असली की आत किती लिटर पाणी मावेल ते शाळेतल्या भूमितीने काढता येतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हा हिशेब केला तर भागायचा आकडा येतो १२,५६६. सूत्रातला आकडा त्याहून लहान, म्हणजे वजन पिंपापेक्षा १६ टक्के जास्त निघतं. ते कशाचं? मान, डोकं, चार पाय. पिंपाला ते नसतात!

पण घेर दोनदा गुणला जातो, म्हणून चूकही दुप्पट होते. त्या सकाळी चंद्रीने गव्हाणीत मान घातली तेव्हा घेर ९९ आला, मान वर केली तेव्हा १०३. लांबी ८४ धरली तर एकदा ७६ किलो आणि एकदा ८२. पाडी तीच, मिनिटही तेच. एवढी पाडी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भरते, म्हणजे सहा किलो ही पंधरा दिवसांची वाढ झाली. दर आठवड्याला मोजणारा माणूस पाडी मोजतच नाही, स्वतःच्या हाताची चूक मोजतो. मी मग महिन्याला एकदाच मोजायचं ठरवलं: एकच टेप, एकच माणूस, चारी पाय जमिनीवर सरळ, मान समोर, तीन मापं आणि त्यातलं मधलं.

आणखी एक अडचण. हे सूत्र सगळ्या अंगलोटाच्या गुरांना सारखं बसत नाही. शेजारच्या कोकण कपिलेला, म्हणजे इकडच्या देशी गाईला, लहान चणीची आणि वशिंडाची म्हणून, आकडा थोडा चुकणारच. तरी मागच्या महिन्याशी ताडून पाहायला तो चालतो, कारण दोन्ही वेळा चूक एकाच बाजूला होते.

मेमध्ये चंद्री ७९ किलो, जूनमध्ये ९०. जुलैत ९३. महिन्यात फक्त तीन किलो. काकू मानायला तयार नव्हती, "अरे, किती उंच झालीय बघ!" आणि ते खरंच होतं. खुणा केलेल्या काठीने मी खांद्याची उंचीही घेत होतो, ती वाढली होती. गंमत अशी की खाणं कमी पडलं तरी हाडं बराच काळ वाढत राहतात, अंग भरायचं मात्र थांबतं. उंच आणि सपाट पाडी दिसली की खाण्यात किंवा पोटात काहीतरी बिघडलंय असं समजावं.

बिघाड दोन निघाले. पावसाळ्यातलं कोवळं गवत हिरवंगार दिसतं, पण त्यात बहुतेक पाणीच असतं. लहान पाडीचं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. जोडीला पेंढा, त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. दुसरं म्हणजे जंत. शेण तपासून घेतल्यावर डॉक्टरांनी औषध दिलं, आणि काकूने कुरकुरत का होईना पेंड वाढवली.

ऑगस्टमध्ये घेर ११३, लांबी ९१. म्हणजे १०७ किलो, दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या वर. मागे पडलेलं जनावर खाणं मिळालं की काही काळ नेहमीपेक्षा जोरात भरतं, हे पुस्तकात वाचलं होतं, आता गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलंय.

अजून साधारण वर्ष आहे. २५० किलोच्या पाडीचा घेर किती येईल ते मी सहज काढून पाहिलं, दीडशे सेंटिमीटरच्या आसपास निघाला. शिंप्याची टेपही तेवढीच असते. काकूला सांगितलं, टेप पुरेनाशी झाली की डॉक्टरांना बोलवायचं.