वनस्पतियुक्त जलजीवपात्रातील सायनोबॅक्टेरिया

सायनोबॅक्टेरिया म्हणजे गोड्या पाण्याच्या, पाणवनस्पती लावलेल्या टाकीत वाळू, काच, मॉस व पानांवर पसरणारा निळसर हिरवा ते काळपट, बुळबुळीत थर. तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. त्याचा मातकट वास बहुधा जिओस्मिनसारख्या संयुगांमुळे येतो. अशा थरांत ऑसिलॅटोरिया, फॉर्मिडियम, लिंगबिया या तंतुमय प्रजाती नेहमी आढळतात. नेमकी प्रजाती सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरवता येत नाही.

जुन्या ग्रंथांत यांची गणना नील-हरित शैवलांत होते. १९६२ मध्ये रॉजर स्टेनियर व सी. बी. व्हॅन नील यांनी आदिकेंद्रकी (आवरणयुक्त केंद्रक नसलेल्या) पेशीची संकल्पना स्पष्ट केली आणि पुढे ही मंडळी जीवाणूंत गणली जाऊ लागली. उपचार ठरवताना हा भेद निर्णायक ठरतो : शैवलभक्षक मासे व गोगलगायी या थराला सहसा तोंड लावत नाहीत, प्रतिजैविके मात्र त्यावर लागू पडतात.

प्रादुर्भावाच्या कारणाबाबत मतभेद आहेत. पाण्यातील नायट्रेट संपले की थर येतो, असे टाकी राखणारे अनेक जण मानतात. या मताला व्हॅल स्मिथ यांच्या १९८३ च्या तलावविषयक अभ्यासाचा आधार दिला जातो. नायट्रोजन व फॉस्फरस यांचे वजनी प्रमाण २९:१ पेक्षा अधिक असलेल्या तलावांत नील-हरित शैवले विरळ आढळली होती. परंतु तो अभ्यास पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा (प्लवकांचा) आहे, तळावरील थराचा नाही. शिवाय नायट्रोजन स्थिरीकरणासाठी (हवेतील नायट्रोजन वापरण्याजोगा करण्यासाठी) लागणाऱ्या विशेष पेशी नॉस्टॉक, ॲनाबीना या सायनोबॅक्टेरियांत असतात, ऑसिलॅटोरियात नसतात. पुढील संशोधकांनी गुणोत्तरापेक्षा पोषकद्रव्यांच्या एकूण मात्रेला अधिक महत्त्व दिले. तळात साठलेला गाळ, मंद प्रवाह व ऑक्सिजनची कमतरता हे स्पष्टीकरण टाकीच्या बाबतीत अधिक पटणारे आहे. वाळूत, काचेलगत उजेड पोहोचतो तिथेच थर अनेकदा प्रथम दिसतो.

उपचारात आधी थर नळीने ओढून काढतात. नंतर टाकी जाड कापडाने झाकून तीन-चार दिवस पूर्ण अंधारात ठेवतात. या काळात वनस्पतींसाठी सोडला जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड बंद व हवेचा पंप चालू असावा. मेलेल्या थरातून अमोनिया सुटत असल्याने शेवटी सुमारे निम्मे पाणी बदलणे आवश्यक असते.

हायड्रोजन पेरॉक्साइडने नेदरलँड्समधील कूट्सहाउस तलावात २००९ मध्ये, लिटरला सुमारे २ मिग्रॅ. इतक्या अल्प मात्रेत, तरंगते सायनोबॅक्टेरिया आटोक्यात आले. चिकट आवरणातल्या थराला ती मात्रा जशीच्या तशी लावता येत नाही आणि मात्रा वाढवल्यास मॉस व कोळंब्यांना धोका संभवतो.

एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या घटकाच्या) ५०एस उपएककाला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. गाळणीतील नायट्रीकारक (अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणाऱ्या) जीवाणूंवर त्याचा किती परिणाम होतो, याविषयी एकवाक्यता नाही. म्हणून औषध चालू असताना अमोनिया व नायट्राइट तपासत राहणे इष्ट. प्रतिजैविकरोध (जीवाणूंनी प्रतिजैविकांना दाद न देणे) वाढण्याचा धोका पाहता अंधाराचा उपाय फसल्यावरच त्याचा विचार व्हावा. औषध सोडलेले पाणी ओढ्या-नाल्यात ओतू नये.

गाळ व मंद प्रवाह कायम राहिल्यास थर पुन्हा येतो.