खंड मोजताना पुन्हा शून्यापासून

पावसाळ्यात 'किती दिवस खंड पडला' हा प्रश्न शेतकऱ्याला जितका महत्त्वाचा, तितकाच पर्जन्यमानाची आकडेवारी तपासणाऱ्यालाही असतो. तक्त्यात रोजच्या पावसाची एकेक ओळ असते आणि कोरड्या दिवसांची मोजणी एक, दोन, तीन अशी पुढे जात राहून पाऊस पडला की पुन्हा शून्यावर यायला हवी. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार 24 तासांत 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच तो 'पावसाचा दिवस' ठरतो. त्यामुळे नुसती भुरभुर झाली म्हणून खंड मोडत नाही.

ही मोजणी 'आर' या संगणकीय भाषेत करायला बसलेला नवशिक्या बहुधा आधी एकेक ओळ तपासणारे आवर्तन लिहितो. त्यात चूक काहीच नाही. परंतु न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी संख्याशास्त्रासाठी घडवलेल्या या भाषेची प्रकृती संपूर्ण स्तंभ एकदम हाताळण्याची आहे, आणि त्या प्रकृतीला धरून गेले की एक गमतीची गोष्ट लक्षात येते: शून्यावर येणारी मोजणी मिळवण्यासाठी आधी कधीच मागे न येणारी मोजणी करावी लागते.

सलग दहा दिवसांचा पाऊस 12, 0, 0, 1, 8, 0, 0, 0, 3 आणि 0 मिलिमीटर आहे असे समजू. प्रत्येक दिवसाला 'पावसाचा आहे का?' असे विचारले, तर पहिल्या, पाचव्या आणि नवव्या दिवशी 'होय' असे उत्तर येते. आर 'होय'ला 1 आणि 'नाही'ला 0 मानते, म्हणून या उत्तरांची 'क्यूमसम' या फंक्शनने चढती बेरीज (प्रत्येक ओळीपर्यंतची एकूण बेरीज) केली की 1, 1, 1, 1, 2, 2, 2, 2, 3, 3 अशी मालिका मिळते. पावसाचा एक दिवस आणि त्याच्यामागून येणारे कोरडे दिवस मिळून एक गट होतो; ही बेरीज म्हणजे प्रत्यक्षात त्या गटांची नावे आहेत. शाळेत प्रत्येक तुकडीचा हजेरी क्रमांक जसा एकपासून सुरू होतो, तसा प्रत्येक गटातील ओळींना नवा क्रमांक द्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा; उत्तर 0, 1, 2, 3, 0, 1, 2, 3, 0, 1.

मात्र ही वजाबाकी फसवी आहे. नोंदींची सुरुवातच कोरड्या दिवसाने झाली, तर त्या पहिल्या गटाच्या तोंडाशी पावसाचा दिवस नसतो आणि खंड एका दिवसाने कमी भरतो. म्हणून गटातील क्रमांक न मोजता, 'एव्ह' या फंक्शनच्या साहाय्याने प्रत्येक गटात कोरड्या दिवसांचीच चढती बेरीज करणे मला अधिक सुरक्षित वाटते. तेथे पावसाच्या दिवसाचे शून्य आपोआप येते आणि सुरुवात कशीही असली तरी हिशेब चुकत नाही.

अनेक केंद्रांच्या नोंदी एकाच तक्त्यात असतील, तर केंद्राचे नावही गटाचा भाग करावे लागते. नाहीतर एका गावचा खंड दुसऱ्या गावच्या खात्यावर चढतो. ओळी तारखेनुसार लावलेल्या नसतील, तर आर तक्रार न करता चुकीचे उत्तर देते.

खरी अडचण गहाळ नोंदींची आहे. आरसोबत मिळणाऱ्या न्यूयॉर्कच्या 1973 सालच्या हवेच्या तक्त्यातही 153 दिवसांपैकी 37 दिवसांची ओझोनची नोंद नाही, तेव्हा ही बाब अपवादाची मानून चालत नाही. चढत्या बेरजेत एक जरी गहाळ मूल्य आले, तरी त्याच्यापुढील सगळी उत्तरे गहाळ होतात. तो दिवस कोरडा धरला तर खंड लांबतो, पावसाचा धरला तर तुटतो, आणि ओळच काढून टाकली तर मधला दिवस नाहीसा होऊन दोन्हीकडचे कोरडे दिवस सलग असल्यासारखे मोजले जातात. यांपैकी काय धरले आहे, ते गणना सुरू करण्यापूर्वी ठरवून तक्त्याखाली लिहून ठेवावे लागते.