कंपू: छावणीतून आलेला शब्द

'त्यांचा कंपू वेगळा आहे' या वाक्यात चार-पाच माणसं असतात आणि थोडा राग असतो. गट, चमू, मंडळी यांतलं काहीही म्हणता आलं असतं. कंपू म्हटलं की मात्र ही माणसं आपापसांत घट्ट आहेत आणि बाहेरच्याला आत घेत नाहीत, हे न सांगता कळतं. 'कंपूबाजी', 'कंपूशाही' हे शब्द तर उघड आरोपाचेच. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र कंपू म्हणजे तोफांसह चालणारी, काही हजार शिपायांची फौज होती.

शब्दाचं मूळ लॅटिन 'काम्पुस', म्हणजे मोकळं मैदान. त्यावरून पोर्तुगीज 'कांपो' आणि इंग्रजी 'कॅम्प' आले. आपला कंपू यांतल्या एकावरून आला असं मानतात. काही पोर्तुगीजकडे बोट दाखवतात, काही इंग्रजीकडे. कॉलेजचा 'कॅम्पस'ही याच घरातला. मैदान, मैदानावरची छावणी, छावणीतली फौज असा अर्थ सरकत गेला. आपल्याकडे 'लष्कर' या शब्दाचंही असंच आहे, तो फौजेलाही चालतो आणि छावणीच्या जागेलाही.

मराठ्यांच्या इतिहासात कंपू आला तो महादजी शिंद्यांमुळे. 1761 साली पानिपतावर ते स्वतः लढले आणि पायाने कायमचे अधू होऊन परतले. इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ त्यांनी तिथे पाहिलं होतं. (गारदी हा शब्दही फ्रेंच 'गार्द'वरून आलेला. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्या शब्दाला मारेकऱ्याचा रंग चढला तो आजतागायत.) 1784 मध्ये महादजींनी आल्प्समधल्या सव्हॉय प्रांतातल्या बन्वा द बॉयन्य या सेनानीला चाकरीत घेतलं. आपल्या इतिहासांत तो 'डी बॉईन' म्हणून भेटतो. सुरुवात दोन पलटणींनी झाली. पुढे 1790 मध्ये राजपुतान्यातल्या पाटण आणि मेडता इथल्या विजयांनी या पायदळाचा दबदबा बसला आणि पूर्ण ब्रिगेडी उभ्या राहिल्या. साधारण 10 पलटणींची एक ब्रिगेड, आणि तिलाच म्हणायचं कंपू.

आजच्या अर्थाचं बीज मला इथेच दिसतं. कंपू शिंद्यांचा असला तरी शिंद्यांच्या बाकीच्या फौजेसारखा नव्हता. त्याच्या खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख तोडून दिलेला होता, म्हणून इतरांचे पगार थकले तरी कंपूचा पगार वेळेवर होई. गणवेश वेगळा, कवायत वेगळी, अधिकारी युरोपी. घोड्यावर वाढलेल्या जुन्या सरदारांना हे लोक आपले वाटणं कठीणच होतं. फौजेत असून फौजेपासून अलग, आपल्याच म्होरक्याच्या हुकमात राहणारे. हा अलगपणा शब्दाला तेव्हा चिकटला असावा, आणि माणसं हजारांवरून चारांवर आली तरी तो सुटला नाही.

25 ऑक्टोबर 1802 रोजी, दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दोन्ही बाजूंना कवायती पायदळ होतं. मराठ्यांचे कंपू पुण्याच्या वेशीवर मराठ्यांवरच तोफा डागत होते, हे वाचताना अजूनही वाईट वाटतं. पुढच्याच वर्षी इंग्रजांशी युद्ध पेटलं, तेव्हा डी बॉईनच्या जागी आलेला पेरों शिंद्यांना सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. बरेच युरोपी अधिकारीही निघून गेले. शिपाई मात्र उभे राहिले. 23 सप्टेंबर 1803 ला आजच्या जालना जिल्ह्यात असईला आणि 1 नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला ते असे लढले की जिंकलेल्या इंग्रज सेनापतींनीही त्यांची तारीफ केली. आपण कंपू हा शब्द हिणवून वापरतो, तेव्हा त्यात ही माणसंही होती हे आठवायला हवं.

त्या दोन लढायांनंतर फौजी कंपूचं तेज ओसरलं, आणि इंग्रजी अमदानीत त्या अर्थाची गरजही उरली नाही. पुण्याच्या छावणीला लोक 'कॅम्प' म्हणू लागले. मोकळा झालेला 'कंपू' मग कचेऱ्यांत, संस्थांत, साहित्यिकांच्या बैठकांत शिरला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मात्र 'कंपू' नावाची वस्ती अजून आहे. तिथे तो नुसता पत्ता आहे.