सोने चमकते म्हणून फॅक्सिमिली ठरत नाही

मध्ययुगीन युरोपीय हस्तलिखिताची महागडी प्रत घेणारा माणूस ती दाखवताना बहुधा तीन गोष्टी सांगतो: बांधणी खऱ्या चामड्याची आहे, आवृत्ती मर्यादित असून प्रतीवर क्रमांक घातलेला आहे, आणि सोने खरे आहे. या तिन्ही गोष्टी शब्दशः खऱ्या असूनही त्याच्या हातातली वस्तू फॅक्सिमिली, म्हणजे मूळ हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती, नसू शकते. आलिशान पुनर्मुद्रण वेगळे आणि फॅक्सिमिली वेगळी. दोन्ही जड असतात, दोन्ही महाग असतात, दोन्ही पेटीतून येतात आणि जाहिरातीत दोन्हींना एकच शब्द चिकटवलेला असतो. हा घोळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो एकदा नीट उलगडून मांडणे मला आवश्यक वाटते.

पुनर्मुद्रण म्हणजे काय हे वाचकाला माहीतच आहे, कारण चित्रांचे जाड, गुळगुळीत कागदावरचे पुस्तक प्रत्येकाने चाळलेले असते. निवडक पाने, सोयीचा आकार, उजळ केलेले रंग, चित्राखाली माहिती. बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ग बंधूंनी रंगवायला घेतलेल्या ‘त्रे रिश अर’ या प्रार्थनाग्रंथातील बारा महिन्यांची चित्रे अशा रूपात असंख्य वेळा छापली गेली आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र फ्रान्समधल्या शांतियीच्या संग्रहालयात असलेला मूळ ग्रंथ २०६ पानांचा आहे, आणि १४१६ साली तिघेही भाऊ वारल्यामुळे अपुरा राहिलेला तो ग्रंथ पुढे झाँ कोलोंब या चित्रकाराने पूर्ण केला, ही सगळी हकिकत त्या बारा चित्रांतून कळत नाही. बारा चित्रांच्या संचाला कितीही उंची चामड्याचे वेष्टन घातले तरी तो चित्रसंचच राहतो.

काही फरक मी भराभर सांगून टाकतो, कारण त्यांत फारसे कोणी अडखळत नाही. फॅक्सिमिली मूळ आकाराचीच असते, संपूर्ण असते, आणि तिच्यात कोरी पानेही जागच्या जागी असतात. प्रतींची संख्या आणि ती प्रमाणित करणारा नोटरीचा दाखला यांतून गुणवत्तेविषयी काहीही कळत नाही, कारण वाईट छपाईसुद्धा मोजून हजार प्रतींची करता येते. मखमली अस्तराच्या पेटीविषयी तर बोलण्याचेही कारण नाही.

खरी अडचण पुढे आहे. पुनर्मुद्रण हस्तलिखितातले चित्र दाखवते. फॅक्सिमिली ते हस्तलिखित ही वस्तू दाखवते, आणि तीही आज ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत. हे वाक्य ऐकले की सगळे मान डोलावतात, पण प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी ‘आज ज्या अवस्थेत आहे’ हा भाग विसरतात आणि जी प्रत अधिक उजळ, अधिक स्वच्छ, अधिक झळाळती असेल तिलाच अधिक अस्सल मानतात. चूक होते ती नेमकी इथे, आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते सोन्यात.

मध्ययुगीन पानावर सोने मुख्यतः दोन तऱ्हांनी येत असे. पहिली तऱ्हा वर्खाची. चर्मपत्रावर खडूसारखी पांढरी माती, सफेदा, सरस आणि थोडी साखर यांचे लुकण उठावदार थरात लावायचे, त्यात पुष्कळदा लाल माती मिसळायची, थर वाळला की त्यावर तोंडाची वाफ सोडून त्याला किंचित चिकटपणा आणायचा, वर्ख ठेवायचा आणि मग अकीकाच्या खड्याने किंवा कुत्र्याच्या सुळ्याने तो घोटायचा. असे सोने आरशासारखे लखलखते. पान हलवले की एका क्षणी काळे दिसते आणि दुसऱ्या क्षणी पेटते. दुसरी तऱ्हा सोन्याच्या भुकटीची. भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून, शिंपल्यात ठेवून, रंगासारखी कुंचल्याने लावायची. हे सोने कणीदार आणि मऊ उजेडाचे असते, आणि ते वस्त्राच्या चुण्यांवर, केसांच्या बटांवर किंवा किनारीतल्या पानाफुलांवर बारीक रेघांनी येते. अनेक चित्रकारांनी एकाच पानावर दोन्ही तऱ्हा जाणूनबुजून शेजारीशेजारी वापरल्या. आद्याक्षर लखलखावे आणि देवदूताचे पंख फक्त उजळावेत, हा त्यांचा विचार होता.

आता छपाईत काय होते ते पाहा. स्वस्तात काम उरकायचे असेल तर सगळ्या सोन्यासाठी एकच धातूची फॉइल उष्णतेने दाबली जाते, किंवा सोनेरी शाई एकाच थरात फिरवली जाते. वर्ख आणि भुकटी यांतला फरक तिथेच पुसला जातो. अशी एक प्रत मी स्वतः घेतली होती, विकणाऱ्याचे नाव घेत नाही. एका आद्याक्षराच्या पोटात सोने होते आणि त्याच्या शेजारी संताच्या झग्यावर सोनेरी रेघा होत्या. मी पान खिडकीशी नेऊन हळूहळू तिरपे केले तेव्हा दोन्ही एकाच क्षणी, एकाच तेजाने चमकले. नंतर ज्या ग्रंथालयात मूळ ग्रंथ आहे त्याने खुली केलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली. मूळ आद्याक्षराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात वर्ख उडालेला होता, त्याखालचा तांबूस थर उघडा पडला होता, आणि उरलेल्या सोन्यावर केसासारख्या तडा होत्या. माझ्या प्रतीत तो कोपरा पूर्ण सोन्याचा होता. कोणीतरी आठ बोटे रुंदीच्या अक्षरात शतकांची झीज भरून काढली होती आणि त्याचे वेगळे पैसे माझ्याकडून घेतले होते. जाहिरातीतला ‘खरे सोने’ हा शब्द खोटा नव्हता. सोने खरेच होते, फक्त मुळात नसलेल्या जागी होते.

चांगल्या फॅक्सिमिलीत उडालेले सोने उडालेलेच असते. तिथे खालचा पांढरा किंवा तांबूस थर छापलेला असतो, फॉइलच्या कडा त्या झिजेनुसार पानापानाला वेगळ्या कापलेल्या असतात, घोटलेले सोने किंचित उठावाने येते आणि भुकटीचे सोने वेगळ्या, मंद थराने येते. यासाठी प्रत्येक पानाच्या सोन्याचा वेगळा आराखडा करावा लागतो, आणि उत्तम आवृत्तीची बरीचशी किंमत या मेहनतीची असते, धातूची नव्हे. चांदीची गोष्ट आणखी बोलकी आहे. हस्तलिखितांतली चांदी बहुधा काळवंडलेली असते आणि पुष्कळदा तिचा डाग पानाच्या मागच्या बाजूवरही उमटलेला असतो. ज्या आवृत्तीत नद्या आणि चिलखते चंदेरी चकाकतात तिच्या प्रकाशकाने मूळ पाहून काम केलेले नाही, मूळ कसे असावे याची कल्पना करून केले आहे. त्या कल्पनेलाही अभ्यासात स्थान आहे, पण तिला पुनर्रचना म्हणावे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला ‘बुक ऑफ केल्स’ घ्या. इसवी सन ८०० च्या सुमाराचा हा ग्रंथ भव्य आहे, आणि त्यात सोने नाही. जो पिवळा रंग छायाचित्रांत सोन्यासारखा भासतो तो हरताळ या पिवळ्या खनिजाचा आहे. तरीही या ग्रंथाच्या चित्रांना सोनेरी झळाळी चढवलेल्या वस्तू सर्रास विकल्या जातात आणि लोक त्यांना ‘हुबेहूब’ म्हणतात. १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या फाक्सिमिले फर्लाग या प्रकाशनसंस्थेने या ग्रंथाची १,४८० प्रतींची आवृत्ती काढली तेव्हा पाने दाबून सपाट करता येणार नाहीत म्हणून हवेच्या हलक्या शोषणाने ती स्थिर धरणारे खास यंत्र बनवले गेले, आणि चर्मपत्रातली भोकेसुद्धा छापील पानांत पाडली गेली. एकोणिसाव्या शतकात नव्या बांधणीच्या वेळी या ग्रंथाच्या कडा छाटल्या गेल्या आणि काही सजावट त्यात कापली गेली. फॅक्सिमिलीत ती कापलेली सजावट कापलेलीच राहते, आणि तशीच राहायला हवी.

भोके आणि कडा यांचा आग्रह हौसेपोटी धरलेला नाही. चर्मपत्राची एक बाजू केसांची आणि दुसरी मांसाची असते. पहिली थोडी पिवळसर आणि रंध्रांच्या ठिपक्यांची, दुसरी पांढुरकी व गुळगुळीत. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लेखनशाळांत उघडलेल्या दोन पृष्ठांवर सहसा सारख्याच बाजू समोरासमोर येतात, तर आयर्लंड आणि ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत पुष्कळदा केसांची बाजू मांसाच्या बाजूसमोर येते. हा क्रम एखाद्या ठिकाणी मोडला तर तिथे पान हरवले आहे किंवा मागाहून घातले आहे असा संशय घेता येतो. ज्या आवृत्तीत सगळ्या पानांना एकच जुनाट तपकिरी छटा दिलेली असते तिच्यातून हा पुरावा संपूर्ण नाहीसा होतो. कृत्रिम धुरकटपणा, सगळ्या कोपऱ्यांना सारखीच मळकट झाक, मुद्दाम पाडलेल्या सारख्या सुरकुत्या यांचा मला मनापासून राग आहे. प्रत्येक पान आपापल्या परीने जुने होते, आणि जिथे शंभर पाने एकाच रीतीने जुनी झालेली दिसतात तिथे ती जुनी झालेली नसून रंगवलेली असतात.

चित्र आणि वस्तू यांतला फरक किती खोल जातो हे ‘होर्तुस देलिकियारुम’ या ग्रंथाच्या नशिबाने दाखवले. बाराव्या शतकात होहेनबुर्गच्या मठात मठाधिपती हेराड हिच्या देखरेखीखाली तयार झालेला हा ग्रंथ १८७० च्या ऑगस्टमध्ये स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात, ग्रंथालयाला आग लागली तेव्हा जळाला. एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासकांनी त्यातली चित्रे गिरवून ठेवली होती आणि मजकुराची टिपणे केली होती, म्हणून आज तो ग्रंथ निदान ओळखता तरी येतो. मात्र त्यांनी चित्रे उतरवली, पाने उतरवली नाहीत. कोणते चित्र कुठे होते आणि त्याच्याभोवती मजकूर कसा मांडला होता, हे पुढच्या अभ्यासकांना तुकडे जुळवत नव्याने ठरवावे लागले.

मग पारख कशी करावी? ज्या ग्रंथाची आवृत्ती घ्यायची त्याची छायाचित्रे मूळ ग्रंथालयाने खुली केली आहेत का ते आधी पाहावे. ती असतील तर तीन पाने निवडावीत: सर्वांत प्रसिद्ध चित्राचे, निव्वळ मजकुराचे आणि सर्वांत खराब झालेले. प्रसिद्ध चित्राच्या पानावर प्रत्येक प्रकाशक जीव ओततो, त्यामुळे त्यावरून फारसे कळत नाही. माझा भर नेहमी मजकुराच्या पानावर असतो. तिथे शाईची गडद-फिकी छटा लेखणी शाईत बुडवल्यानंतर बदलते का, मागच्या बाजूची अक्षरे पुसट दिसतात का आणि ती मागच्या पृष्ठाशी जुळतात का, समासातली आखणीची बारीक छिद्रे आहेत का, हे पाहावे. मागच्या बाजूची पुसट अक्षरे जुळत नसतील तर प्रकाशकाने पाने एकेक करून छापली, वस्तू म्हणून जोडली नाहीत.

भिंगाखाली पाहिले की ऑफसेट छपाईचे ठिपके दिसतात, आणि बहुतेक आधुनिक आवृत्त्या ऑफसेटच असतात. तेवढ्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. ठिपके फार बारीक किंवा विखुरलेले असतील तर डोळ्यांना ते जाणवत नाहीत. जुन्या कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून छापण्याची पद्धत) आवृत्त्यांत ठिपक्यांची जाळी मुळीच नसते, छटा सलग उतरतात, आणि त्या हातात घेताना मला आजही आनंद होतो. पण केवळ तंत्रामुळे एखादी आवृत्ती विश्वासू ठरत नाही. उजेडाकडे मात्र जरूर लक्ष द्यावे. छापील रंग एका दिव्याखाली मुळाशी तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात, विशेषतः लाजवर्दी निळे आणि जंगाली हिरवे, म्हणून प्रत दिवसाच्या उजेडात पाहावी. सोने पाहताना पान कधीही सपाट धरू नये, हळूहळू तिरपे करावे.

शेवटी फॅक्सिमिलीसोबत येणाऱ्या अभ्यासखंडाविषयी, म्हणजे त्या हस्तलिखिताची माहिती देणाऱ्या वेगळ्या पुस्तकाविषयी. अनेकजण तो न वाचताच कपाटात ठेवतात, आणि जुन्या बाजारात तो मूळ संचापासून सुटा झालेला आढळतो. खरेदीपूर्वी मी तो आधी मागतो, आणि त्यात पानांच्या जुड्यांचा क्रम, हरवलेल्या पानांच्या जागा, नंतर केलेली दुरुस्ती आणि आत्ताची बांधणी केव्हाची आहे हे लिहिलेले आहे का ते पाहतो. केवळ चित्रांचे कौतुक आणि ग्रंथाच्या मालकांची वंशावळ एवढेच त्यात असेल तर हस्तलिखिताची वस्तू म्हणून तपासणी झालेलीच नाही असे मी धरतो. जुन्या बाजारात पुष्कळ संच प्रकाशनाच्या वेळच्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात, तेव्हा गुंतवणूक म्हणून सांगितलेले भाव मनावर घेऊ नयेत. अभ्यासखंड नसलेला संच मात्र अर्ध्या किमतीतही मी घेत नाही.