कोकणातील आम्ल जमीन आणि परवडणारा चुना

माती परीक्षणाच्या अहवालात सामू (pH; 7 म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्ल) 5.2 असा आकडा येतो आणि पुढे ‘चुना द्यावा’ एवढाच शेरा असला, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बागायतदाराची अडचण सुरू होते. बाजारात कळीचा चुना (भाजलेली चुनखडी), विरलेला चुना (पाणी घालून विझवलेला कळीचा चुना), चुनखडीची भुकटी, डोलोमाइट (कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असलेला कार्बोनेट खडक) आणि जिप्सम अशी निरनिराळी पोती मिळतात. हाताला झोंबणारा चुना तोच जोमदार, अशी एक समजूत आहे; कॅल्शियम असले म्हणजे झाले, ही दुसरी. या दोन्ही समजुतींपायी पैसा वाया जातो. त्यातली दुसरी अधिक खोलवर रुजलेली असल्याने आधी तिच्याकडे वळू.

कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी जांभ्या मातीतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेते व चिकणमातीच्या कणांवरील त्यांच्या जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियमचे आयन घेतात. खरा त्रास ॲल्युमिनियमचा असतो. मातीचा सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम मोठ्या प्रमाणावर विरघळू लागते, मुळांच्या टोकांची वाढ खुंटवते आणि स्फुरदाला (फॉस्फरसला) बांधून ठेवते. त्याखेरीज पाण्याशी संयोग पावून ते नवे हायड्रोजन आयन मोकळे करते, म्हणजे मातीतील आम्लता काही प्रमाणात खर्ची पडली तरी ॲल्युमिनियम ती पुन्हा भरून काढते. म्हणूनच सामू सारखाच असलेल्या दोन जमिनींना लागणारा चुना वेगवेगळा असतो: ज्या मातीत चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ जास्त, तिच्यात ही राखीव आम्लता जास्त. प्रयोगशाळेत 1961 सालापासून प्रचलित असलेल्या शूमेकर पद्धतीने हीच राखीव आम्लता मोजून चुन्याची मात्रा काढतात. केवळ सामूवरून ती ठरवता येत नाही.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. यातील कार्बोनेट हायड्रोजनला पकडून त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करते. सामू वाढला की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या रूपात साका होऊन बसते आणि कणांवरच्या रिकाम्या जागा कॅल्शियम घेते. आम्लता मारण्याचे काम कार्बोनेटचे आहे, कॅल्शियमचे नव्हे. जिप्सम हे कॅल्शियम सल्फेट असून सल्फेट हायड्रोजनला अशा रीतीने संपवत नाही. त्यामुळे जिप्सम कितीही टाकले तरी आम्लता हटत नाही. ‘एका बाटलीत एकरभर जमीन सुधारा’ अशा द्रवरूप कॅल्शियमच्या जाहिरातीही याच कसोटीवर तपासाव्यात. एकराच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात 8 ते 9 लाख किलो माती असते आणि तिची आम्लता घालवायला शेकडो किलो चुनखडी लागते. लिटरभर द्रावणात तेवढा दम असणे शक्य नाही.

आता झोंबणाऱ्या चुन्याविषयी. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची उदासिनीकरण क्षमता, म्हणजे वजनामागे आम्लता मारण्याची ताकद, 100 धरली, तर शुद्ध डोलोमाइटची सुमारे 109, विरलेल्या चुन्याची 135 आणि कळीच्या चुन्याची 179 भरते. कळीचा चुना खरोखरच जोरकस आहे, परंतु तो भट्टीत भाजावा लागतो, म्हणून महाग पडतो. शिवाय त्वचा व डोळे भाजण्याचा धोका असतो आणि तो जिथे ढीगभर पडतो तिथे सामू एकदम उसळून कोवळी मुळे करपतात. चुनखडी सावकाश विरघळते आणि आम्लता संपत आली की तिचे विरघळणेही मंदावते. जमिनीसाठी हा मंदपणा गुणच आहे.

मात्र हा गुण भुकटी बारीक असेल तरच कामी येतो. दोन मिलिमीटरचा खडा कुटून त्याचे 0.2 मिलिमीटरचे कण केले, तर तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग दहापट होतो, आणि अभिक्रिया पृष्ठभागावरच घडते. पाव मिलिमीटरहून बारीक भाग पूर्ण, त्याहून जाड पण दोन मिलिमीटरपर्यंतचा भाग निम्मा आणि त्यावरचा शून्य, असा बारीकपणाचा ढोबळ हिशेब धरता येतो. समजा, एक भुकटी 4 रुपये किलो आहे, तिची शुद्धता 90 टक्के आणि बारीकपणा 80 टक्के. म्हणजे किलोमागे 720 ग्रॅम कामाची आणि तिचा खरा दर सुमारे 5 रुपये 55 पैसे. दुसरी 3 रुपये किलो, शुद्धता तेवढीच, पण बारीकपणा 40 टक्के. तिचा खरा दर 8 रुपये 33 पैसे पडतो. विरलेला चुना 10 रुपयांनी मिळाला आणि त्याची क्षमता 130 असली, तर तोही 7 रुपये 70 पैशांच्या आसपास जातो. हे भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गावचे भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा आणि त्यात वाहतूक अवश्य धरावी. राज्यातील चुनखडीचे मोठे साठे चंद्रपूर-यवतमाळकडे आहेत, त्यामुळे कोकणात पोत्याच्या किमतीपेक्षा भाडे जड होऊ शकते. खाडीकाठी शिंपले स्वस्तात मिळत असतील तर तेही कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. भाजण्याची गरज नाही, पण बारीक दळायला हवेत. डोलोमाइट घ्यावे ते अहवालात मॅग्नेशियम कमी दिसले तर.

पोते ओळखायला सोपी कसोटी आहे. चिमूटभर भुकटीवर व्हिनेगर टाकल्यास चुनखडी फसफसते, डोलोमाइट जरा संथपणे बुडबुडे सोडते आणि शुद्ध जिप्सम तसेच राहते. विरलेला चुना पाण्यात कालवून हळद घातली तर ती गडद लाल होते.

दोन ठिकाणी मात्र हा खर्च टाळता येतो. भाताच्या खाचरात पाणी साचले की हवेअभावी मातीतील लोहाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होते, त्यात हायड्रोजन खर्ची पडतो आणि काही आठवड्यांत सामू आपोआप उदासीनतेकडे सरकतो. म्हणून चुना आधी वरकस (पाणी न साचणाऱ्या उताराच्या) जमिनीला आणि बागेला द्यावा. देशावरच्या बहुतेक काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते. तिथे आणखी टाकल्यास लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात.

चुना पावसाळ्याच्या तोंडावर मातीत मिसळावा. शेणखत किंवा अमोनियम सल्फेट यांच्यासोबत विरलेला चुना एकाच दिवशी टाकू नये, कारण नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते.